मगनवाडीचे संग्रहालय: पाहणाऱ्यांसाठी की करणाऱ्यांसाठी?

वर्ध्याला येणारा पाहुणा आधी सेवाग्रामला जातो, तेथून पवनारला विनोबांच्या आश्रमात जातो आणि परतीच्या गाडीला अवकाश असेल तरच मगनवाडीकडे वळतो. त्यामुळे मगन संग्रहालय हे बहुतेकांच्या लेखी गांधीजींच्या स्मृतिस्थळांतील एक दुय्यम ठिकाण ठरते, आणि ‘चरखे ठेवले आहेत’ एवढ्याच ओळखीवर त्याची बोळवण होते. हा समज त्या वास्तूवर अन्याय करणारा आहे, असे माझे मत आहे. हे संग्रहालय गांधीजींच्या आठवणींसाठी उभारलेले नाही; ३० डिसेंबर १९३८ रोजी त्याचे उद्घाटन स्वतः गांधीजींनीच केले. त्याला नाव दिले गेले ते मगनलाल गांधी यांचे, आणि आत मांडल्या गेल्या त्या कोष्टी, सुतार, तेली, कुंभार, बुरड अशा कारागिरांच्या वस्तू, ज्यांवर कोणाचीही सही नाही. मी सेलू तालुक्यातील एका खेड्यात चित्रकला शिकवतो आणि शाळेतील मुलांना घेऊन या संग्रहालयात जात असतो. आमच्या जिल्ह्यापुरते हेच खरे लोकांचे कलासंग्रहालय आहे असे मी मुलांना सांगतो. तसे का सांगतो, ते लिहिण्यासाठी त्याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

मागे म्हणजे १८६० च्या दशकात. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू असताना लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा कापूस तुटला आणि इंग्रजांचे लक्ष वऱ्हाड व नागपूर प्रांतातील काळ्या जमिनीकडे वळले. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तेव्हा परदेशातील व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. याच दशकात, १८६३ मध्ये, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपल्या सर्वांचा अजब बंगला, सुरू झाले. १८६५ मध्ये नागपुरात प्रांतातील पिके, खनिजे आणि हातकामाच्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. संग्रहालय, प्रदर्शन, नवे शहर आणि रेल्वे या चार गोष्टी इतक्या जवळजवळ घडल्या आहेत की त्यांचा परस्परांशी काहीच संबंध नव्हता असे मानणे मला कठीण जाते. प्रांतात काय पिकते, काय सापडते आणि काय बनते याची नीट मांडलेली यादी ज्यांना हवी होती, त्यांनाच तो माल बंदरापर्यंत नेण्यासाठी लोहमार्गही हवा होता.

त्याच काळातील आणखी एक उदाहरण मला फार बोलके वाटते. १८६६ मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियमचे प्रमुख जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी भारतात विणल्या जाणाऱ्या कापडांचे प्रत्यक्ष तुकडे कापून, ते चिकटवून, १८ खंडांचा एक संच तयार केला. त्यात ७०० नमुने होते. असे २० संच बनवले गेले. त्यांपैकी १३ ब्रिटनमध्ये वाटले गेले आणि ७ भारतात ठेवले गेले. उद्देश लपवलेला नव्हता. भारतातील लोक कोणत्या रुंदीचे धोतर नेसतात, लुगड्याचा काठ कसा असतो, पागोट्याला किती कापड लागते, हे तिकडच्या गिरणीमालकांना घरबसल्या पाहता यावे आणि तसेच कापड यंत्रावर काढून इकडे विकता यावे, यासाठी तो खटाटोप होता. वॉटसन यांना आपल्या विणकरांच्या कौशल्याची कदर नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यांनी नमुने मोठ्या काळजीने निवडले आहेत आणि त्यांचे वर्णनही मनापासून केले आहे. पण ते पाहण्याचा अधिकार कोणाला दिला गेला, हे महत्त्वाचे आहे. ज्याने कापड विणले त्या कोष्ट्याला त्या खंडांचा काडीचाही उपयोग नव्हता, आणि ज्याच्यासाठी ते केले गेले त्याच्या मालानेच पुढे कोष्ट्याचा माग बंद पाडला. उमरेड, पवनी या भागांतील कोष्टी कुटुंबांची पुढची गोष्ट विदर्भात कोणाला वेगळी सांगावी लागत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर पुष्कळ विणकरांची मुले गिरणीच्या पाळीवर गेली, एवढे म्हटले तरी पुरे.

मगन संग्रहालय या परंपरेच्या नेमके उलट दिशेने निघालेले आहे. त्याला ज्यांचे नाव दिले ते मगनलाल गांधी हे गांधीजींच्या चुलतभावाचे चिरंजीव. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्सपासून ते गांधीजींबरोबर होते आणि साबरमतीच्या आश्रमाचा सारा कारभार त्यांच्यावर होता. आश्रमाने हाताने विणायचे ठरवले तेव्हा विणणे शिकवायला माणूस मिळेना आणि मिळाला तरी तो आपली कला सहजासहजी उलगडून दाखवीना. अशा परिस्थितीत मगनलालांनी ती विद्या स्वतः हस्तगत केली आणि इतरांना शिकवली, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी विजापुरात जुना चरखा शोधून काढल्यावर त्याच्या सुधारणेच्या कामातही मगनलालच पुढे होते. खादीच्या चळवळीत भाषणे करणारे पुष्कळ होते. चातीची (सुताला पीळ देणाऱ्या टोकदार सळईची) जाडी, माळेचा (चाक आणि चाती जोडणाऱ्या दोरीचा) ताण आणि सुताचा पीळ यांवर रात्रंदिवस डोके चालवणारे थोडे होते, आणि त्या थोड्यांमध्ये त्यांचे स्थान पहिले होते. २३ एप्रिल १९२८ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या वर्षी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. चरखा वजनाला हलका आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येण्याजोगा असावा. खेड्यातल्या झोपडीत तो हाताने किंवा पायाने चालवता यावा. एखाद्या बाईला फार न थकता त्यावर सलग ८ तास काम करता यावे. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे (नंबर म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप) १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांपेक्षा अधिक नसावी आणि नीट देखभाल केल्यास तो २० वर्षे टिकावा. मी शाळेत वरच्या वर्गातील मुलांना या अटी फळ्यावर लिहून देतो, कारण एखाद्या वस्तूचा आराखडा करताना कोणाचा विचार आधी करायचा हे त्यांतून जितके स्पष्ट होते तितके चित्रकलेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातून होत नाही. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही. परंतु त्या अटींनी चरख्याला भावनेच्या प्रांतातून बाहेर काढून मोजमापाच्या प्रांतात आणून ठेवले, आणि मगन संग्रहालयाची बीजे मला तरी तेथे दिसतात.

१९३० च्या दांडीयात्रेनंतर गांधीजी साबरमतीला राहायला परतले नाहीत. जमनालाल बजाज त्यांना वर्ध्याला येण्याचा आग्रह बराच काळ करत होते. विनोबा तर १९२१ पासूनच वर्ध्यात आश्रम चालवत होते. ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संघ काढण्याचे ठरले आणि डिसेंबरमध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालालजींनी त्यासाठी आपला बगीचा आणि त्यातील घर दिले. त्या जागेला मगनलालांच्या स्मरणार्थ मगनवाडी म्हटले जाऊ लागले. गांधीजी स्वतः १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत येथेच राहत होते. संघाचे अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू होते आणि सारा भार सांभाळणारे मंत्री होते जे. सी. कुमारप्पा.

कुमारप्पांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण संग्रहालयाचा पिंड मला त्यांच्या स्वभावाशी जुळणारा वाटतो. १८९२ मध्ये तंजावरला जन्मलेल्या या ख्रिस्ती गृहस्थांनी लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतले होते आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात भारताच्या दारिद्र्याचा व सरकारी वित्तव्यवस्थेचा संबंध अभ्यासला होता. गुजरातमधील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी त्यांनी घरोघर फिरून करवून घेतली होती. असा आकडेमोडीत मुरलेला माणूस मगनवाडीत आला, आणि त्याने तेलघाणी, हातकागद, मधमाश्यापालन, गूळ, भात सडणे, दळणे, मातीची भांडी यांपैकी प्रत्येक उद्योगाकडे तीच चोख नजर वळवली. १९३८ च्या अखेरीस संग्रहालय उघडले त्याच सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारसाठी औद्योगिक पाहणी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. या समितीने ६०६ खेड्यांची पाहणी केली आणि १९३९ मध्ये तिचा अहवाल निघाला. एका बाजूला ६०६ खेड्यांतून गोळा केलेली माहिती आणि दुसऱ्या बाजूला मगनवाडीच्या दालनात मांडलेली हत्यारे व वस्तू ही दोन्ही कामे एकाच मनातून निघालेली आहेत. खेड्यात काय आहे, कशाने अडले आहे आणि कोणत्या हत्याराने ते सुटेल, असा तो विचार होता.

नाव ‘मगन संग्रहालय व उद्योग भवन’ असे जोडून घेतले गेले, यालाही अर्थ आहे. नुसते पाहून परत जावे अशी ही व्यवस्था नव्हती. पाहिलेले शिकता यावे, शिकलेले करता यावे आणि केलेले विकता यावे, असा तिचा क्रम होता. मगनवाडीत खेड्यांतून आलेल्या ग्रामसेवकांचे प्रशिक्षण चाले. त्यांना दालनात पाहिलेली घाणी आवारातच फिरताना दिसे, तिच्यातून निघालेल्या जवसाच्या किंवा तिळाच्या तेलाची चव घेता येई, आणि संघाचे मुखपत्र ज्या हातकागदावर छापले जाई तो कागद कसा गाळतात हेही समोर पाहता येई. झवेरभाई पटेल यांनी घाणीवर केलेले काम त्या काळातील मोलाच्या कामांपैकी एक आहे. तेल्याची परंपरागत घाणी जशीच्या तशी डोक्यावर घेण्याऐवजी त्यांनी तिची उखळी, लाट आणि भार यांचे प्रमाण तपासले, कोठे तेल वाया जाते ते शोधले, आणि त्यातून जी सुधारित घाणी निघाली ती पुढे देशभर वर्धा घाणी म्हणून ओळखली गेली. ही नवी घाणी गावच्या सुताराला बनवता आली पाहिजे आणि गावच्या तेल्याला चालवता आली पाहिजे, ही अट मात्र सुटली नाही.

दालनातील चरख्यांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. वरवर पाहिले तर एकाच वस्तूचे अनेक नग ओळीने मांडले आहेत असे वाटते आणि पाहुणा दोन मिनिटांत पुढे सरकतो. मी मुलांना तेथे थांबवतो आणि प्रत्येक चरख्याचे रेखाचित्र मापासह काढायला सांगतो. चित्र काढताना हात थांबला की डोळा प्रश्न विचारू लागतो. उभ्या मोठ्या चाकाचा जुना चरखा झोपडीत अर्धी जागा अडवतो. पेटी चरख्यात दोन लहान चाके एकमेकांना जोडून तोच वेग मिळवला आहे आणि सारा चरखा काखेत मारून नेता येतो. हा पेटी चरखा १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात आकाराला आला, म्हणून त्याला येरवडा चरखा हे नाव पडले. मगन चरख्यात दोन चात्या आहेत आणि चाक पायाने फिरते, त्यामुळे दोन्ही हातांनी दोन पेळूंतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकट्यांतून, एकाच वेळी सूत ओढता येते. तो प्रभुदास गांधी यांनी तयार केला आणि त्याला मगनलालांचे नाव दिले. १९३२ मध्ये तुरुंगात असताना हात दुखू लागला तेव्हा गांधीजींनीही तो चालवला. धनुष्य तकलीला चाकच नाही, आणि ती मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या डोक्यातून निघाली आहे. १९५० च्या दशकात आलेला अंबर चरखा तर गिरणीतल्या साच्याचे तत्त्व हातयंत्रात आणतो. ही मालिका एकदा लक्षात आली की चरखा हे केवळ झेंड्यावरचे चिन्ह राहत नाही. पंचवीस-तीस वर्षे अनेक माणसांनी मिळून सोडवलेले ते एक गणित दिसू लागते. आणि जेथे आकार, उपयोग आणि माणसाचे शरीर या तिन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न आहे, तेथे मी कला हा शब्द वापरायला कचरत नाही.

याला कलासंग्रहालय म्हणावे काय, असा आक्षेप माझ्या सहकाऱ्यांनी घेतलेला आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. येथे तैलचित्रे नाहीत, चित्रकारांची नावे नाहीत, आणि संस्थापकांनीही उद्योग हाच शब्द पुढे ठेवला. परंतु संग्रहालयाची पार्श्वभूमी पाहिली की उत्तर थोडे बदलते. १९३६ मध्ये लखनौ अधिवेशनाच्या वेळी, त्याच वर्षाच्या अखेरीस खानदेशातील फैजपूरला, आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याला शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या आग्रहावरून काम केले. फैजपूर हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. तेथील मंडपाची सजावट आसपास मिळणाऱ्या बांबू, गवत अशा साहित्यातून उभी राहिली. हरिपुऱ्यासाठी त्यांनी रंगवलेल्या फलकांवर शिंपी, सुतार, ढोलकी वाजवणारा, ताक घुसळणारी बाई असे लोक आहेत. याच अधिवेशनांत खादी आणि ग्रामोद्योगांची प्रदर्शने भरत असत व मगनवाडीची मंडळी त्यांत राबत असत. अधिवेशन संपले की मंडप उतरवला जाई आणि वस्तू गावोगाव परत जात. हरिपुऱ्यानंतर दहाच महिन्यांनी वर्ध्यात संग्रहालय उघडले, तेव्हा चार दिवसांच्या प्रदर्शनाला कायमचे छप्पर मिळाले, असे मी समजतो.

शिवाय वर्ध्याच्या परिसरात त्या काळी कलेचे आणखी दोन झरे वाहत होते. सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांनी काढलेली ताडाची झाडे, मोर आणि चरखा आजही दिसतात. माती, बांबू आणि कवेलू यांच्या पलीकडे न जाता घर देखणे करता येते याचा तो पुरावा आहे, आणि आमच्याकडच्या बायका सणासुदीला भिंती सारवून पांढऱ्या मातीने जे काढत आल्या त्याच्याशी त्याचे सरळ नाते आहे. दुसरा झरा म्हणजे नई तालीम. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी योजना मांडली. सेवाग्रामला ती प्रत्यक्षात आणणारे आशादेवी आणि आर्यनायकम् हे दोघेही शांतिनिकेतनमध्ये काम करून आलेले होते. १९४४ मध्ये शांतिनिकेतनचेच देवीप्रसाद कलाशिक्षक म्हणून सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत राहिले. ते चित्रकार होते आणि कुंभारही होते. मुलांनी काढलेल्या चित्रांकडे त्यांनी ज्या आदराने पाहिले आणि लिहिले, त्याचा माझ्यासारख्या कलाशिक्षकावर मोठा उपकार आहे. आमच्या पेशात आजही मुलाकडून मोसंबे आणि तांब्या काढून घेणे म्हणजे चित्रकला शिकवणे असे मानणारे पुष्कळ आहेत.

आता उताराचा भाग, तो मी लवकर सांगतो. १९४२ नंतर कार्यकर्ते तुरुंगात गेले. कुमारप्पांनी आपले ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक तुरुंगातच लिहिले. स्वातंत्र्यानंतर देशाने मोठ्या कारखान्यांचा मार्ग धरला. ग्रामोद्योग संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. १९५३ मध्ये खादी व ग्रामोद्योगांसाठी सरकारी मंडळ आले, १९५७ मध्ये आयोग आला आणि दरम्यान १९५५ मध्ये मगनवाडीतच जमनालाल बजाज यांच्या नावाने केंद्रीय संशोधन संस्था निघाली, जी आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था म्हणून ओळखली जाते. कुमारप्पा त्याआधीच मगनवाडी सोडून आमच्या तालुक्यातील सेलडोहला गेले होते. तेथे पन्नई आश्रम काढून त्यांनी शेतीचे प्रयोग केले, पुढे तामिळनाडूत गेले आणि ३० जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले. सेलडोहवरून नागपूरला जाणाऱ्या गाड्यांतील किती जणांना हे नाव माहीत असेल, असा विचार त्या रस्त्याने जाताना माझ्या मनात हमखास येतो.

या घडामोडींत संग्रहालयाचे काय झाले? माझ्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे नुकसान कोणी वस्तू हलवल्यामुळे झाले नाही. ज्या संशोधनाचा आणि शिक्षणाचा ते आरसा होते, ती कामे वेगवेगळ्या संस्थांकडे, वेगवेगळ्या कागदपत्रांत विभागली गेली, आणि दालनापाशी उरल्या त्या वस्तू. शिवाय बाहेरचे खेडेही बदलले. घाणीची जागा तेलाच्या गिरणीने आणि नंतर प्लास्टिकच्या पिशवीतील तेलाने घेतली. गाडग्यामडक्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आले, मग स्टील आले. उद्याचे हत्यार म्हणून मांडलेली वस्तू एका पिढीतच कालची ठरली. करणाऱ्यांसाठी उघडलेले दालन हळूहळू पाहणाऱ्यांचे झाले, आणि पाहणारे तरी तेथे आपल्या आजोबांच्या आठवणी शोधायला येऊ लागले.

परंतु ही गोष्ट येथेच संपवणे खरे होणार नाही. १९७० च्या दशकात कुमारप्पांच्या परंपरेतील देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले आणि घरबांधणी, गोबरगॅस, मातीकाम अशा विषयांत जुना धागा पुन्हा उचलला गेला. संग्रहालयाच्या आश्रयाने आज नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी तयार होते, आणि माझ्या मते संग्रहालयाच्या मूळ हेतूशी सर्वांत प्रामाणिक असलेले काम तेच आहे. हिरड्याचा कस सुतात मुरवून त्यावर लोखंडाचे पाणी चढवले की काळा रंग येतो, तुरटी वापरली तर तोच कस पिवळसर राहतो, डाळिंबाची साल, मंजिष्ठ, नीळ यांचे प्रत्येकाचे वागणे निराळे. आमच्या मुलांना बाटलीतील रंगाची सवय असते. लोखंड आणि हिरडा या दोन फिकट पाण्यांतून काळा रंग निघतो हे त्यांना जादूसारखे वाटते, मग रसायनशास्त्राचे सर त्याचे कारण समजावून सांगतात.

कापसाच्या बाबतीत मात्र मन खट्टू होते. हातकताईला उपयोगी पडणारा आखूड धाग्याचा देशी कापूस आमच्या शिवारांतून जवळजवळ गेला. संकरित वाण आले, २००२ नंतर बीटी आले. आज आमच्या गावातला कापूस वेचला की थेट जिनिंगला जातो, तेथे गाठी बांधल्या जातात आणि त्या कोणत्या गिरणीत जातात हे शेतकऱ्याला कळत नाही. गाठ दाबताना कापसाचा धागा चेंगरतो व गिरणीत तो पुन्हा मोकळा करावा लागतो, म्हणून शेताजवळच पेळू व सूत करावे, हा खादीवाल्यांचा जुना युक्तिवाद होता. तो आजच्या बाजारात टिकेल की नाही यावर मी मत देत नाही. पण कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातील मुलाला सरकीपासून सुतापर्यंतचा प्रवास पाहायला संग्रहालयात यावे लागते, हे चित्र संस्थापकांनी अपेक्षिलेले नव्हते.

सातवीतल्या एका मुलाने सूप आणि टोपल्यांपाशी मला विचारले होते, “सर, हे सूप तं आमच्या घरी बी हाये, मंग इथं काऊन ठेवलं?” त्या प्रश्नावर बाकीची मुले हसली, पण मला तो प्रश्न या संग्रहालयाविषयीचा सर्वांत नेमका प्रश्न वाटतो. अजब बंगल्यात कोणी असे विचारत नाही, कारण तेथील वस्तू कोणाच्याच घरी नसतात. मी त्याला सांगितले की, तुझ्या घरचे सूप कोणी विणले, त्याला किती कांब्या लागल्या आणि धान्य पाखडताना ते एका बाजूने उघडे का असते, हे घरी विचारून ये. तो विचारून आला, आणि उलट मलाच सांगितले की आता सूप आठवडी बाजारातून आणतात, विणणारे काका दुसऱ्या गावचे आहेत आणि त्यांचा मुलगा हे काम करत नाही.

मगन संग्रहालयाच्या घडणीत मला जाणवणारी उणीव याच ठिकाणी आहे. संस्थापकांचे लक्ष प्रकारांवर होते: घाणीचा प्रकार, चरख्याचा प्रकार, भांड्याचा प्रकार. सुधारणा करणाऱ्यांची नावे तरी टिकली. पण मूळ वस्तू करणाऱ्या हातांची नावे टिपून ठेवण्याची पद्धत त्या काळी फारशी नव्हती. आणखी असे की, ज्या वस्तूंतून रोजगार निघतो त्यांनाच त्या विचारात अग्रस्थान होते. आमच्याकडच्या सुताराने केलेली सर्वांत मनापासूनची वस्तू मात्र कोणाला रोजगार देत नाही: ती म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरे चाकांवरचे हे बैल ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. आमच्या तालुक्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर लाकडी नंदींसाठी लांबवर प्रसिद्ध आहे. काही नंदी माणसापेक्षा उंच असतात, आणि त्यांच्या वशिंडाचा, मानेच्या पोळीचा, शिंगांच्या वळणाचा अभ्यास कोणत्याही शिल्पकाराने करावा इतका तो अस्सल असतो. तीच गोष्ट वऱ्हाडातल्या भुलाबाईच्या मातीच्या मूर्तींची, आणि पूर्वेकडे झाडीपट्टीच्या नाटकांसाठी रंगवलेल्या पडद्यांची. कुमारप्पांच्या काटेकोर हिशेबात हे कोठे बसले असते, याची मला शंका आहे. नंदलाल बोसांच्या नजरेतून मात्र ते सुटले नसते.

म्हणून आम्ही शाळेत एका रिकाम्या खोलीत आमच्या गावापुरते जमवायला सुरुवात केली आहे. त्याला संग्रहालय म्हणण्याचे धाडस मी करत नाही, मुले मात्र तसेच म्हणतात. नियम आम्ही मगनवाडीचाच घेतला आणि त्यात थोडी भर घातली. प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर तिचे नाव, लाकूड किंवा माती कोठली, कोणी केली, कधी दुरुस्त केली आणि आज नवी करायची झाली तर काय खर्च येईल, एवढे मुलांनी घरी व गावात विचारून लिहायचे. ‘कोणी केली’ या रकान्यासाठी सर्वांत जास्त पायपीट होते, कारण जुन्या वस्तू वापरणाऱ्या घरांनाही तो माणूस आठवतोच असे नाही. अशा वेळी मुले दुसऱ्या गावच्या सुतारवाड्यात जाऊन शिंगाच्या किंवा जूच्या घडणीवरून विचारपूस करतात, आणि एखादा म्हातारा सुतार आपल्या वडिलांचे काम हात फिरवून ओळखतो. वस्तू देणाऱ्याला ती परत मागण्याचा हक्क असतो. पहिल्याच वर्षी मृगाचा पाऊस झाल्यावर एक शेतकरी तिफण घेऊन गेले, कारण ट्रॅक्टरवाला वेळेवर येईना आणि सोयाबीनची पेरणी खोळंबली होती. नोंदवहीत त्या तिफणीपुढे सातवीच्या मुलीने ‘कामाला गेली’ असे लिहून ठेवले. पेरणी झाल्यावर ती परत आली, तेव्हा तिच्या चिठ्ठीवरचा दुरुस्तीचा रकाना नव्याने भरावा लागला, कारण एक दाता बदललेला होता.